बिनपंख्याचा

सव्वीस वर्षं मी मोटारी भरतो.
धारणीच्या बसस्टँडमागे, पत्र्याच्या शेडात.
मार्च ते जून माणसं खांद्यावर कूलर घेऊन येतात,
तांब्याची तार, व्हार्निशचा वास,
चाचणीला घूंऽऽ
आवाज आला की पैसे.

सुगंती बेठेकर आली ती कूलर न घेता.
पिशवीत उघडा कॉम्प्युटर.
"याचा पंखा काढून द्या."
नवीन टाकतो, म्हटलं, दीडशे रुपये.
"नाही भाऊ. पंखाच नको. कोनताच."

तिचं काम असं:
झाडांना बांधलेल्या डब्यांत रानाची रात्र भरून येते,
ती ऐकायची, आणि लिहायचं
कुठल्या मिनिटाला पिंगळा बोलला, कुठल्या मिनिटाला रातवा.
हेडफोन लावले की घामानं कान सडतात,
म्हणून छोट्या स्पीकरवर, डोकं टेबलाला टेकवून.
"दूरचा पिंगळा या पंख्याखाली दबून जाते."

बाहेर पारा सेहेचाळीसवर.
नवतपा लागायला चार दिवस.
मी हसलो. मग थांबलो,
कारण दुकानात येऊन आजवर कोणी
शांतता मागितली नव्हती.

आधी पाणी करून पाहिलं.
मेलेल्या फ्रिजची नळी वेटोळी करून
ओल्या रेतीतल्या माठात बुडवली,
कूलरचाच छोटा पंप लावला.
गार राहिला. दोन दिवसांनी तिचा फोन:
"भाऊ, यात कोनीतरी घोरते."
शिवाय माठासाठी हापशीवर
रोज नंबर कोण लावणार.

मग आठवला साऊंडवाल्या रफिकचा जळालेला ॲम्प्लिफायर.
नऊ गावांच्या वराती नाचवल्या त्यानं,
एकदा पाटलाच्या खिडकीची काच फोडली नुसत्या आवाजानं.
त्याच्या पाठीला अल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा,
पाच किलोचा, वखरलेल्या वावरासारखा सरळ रेघांचा.
"भंगारात देणार होतो," रफिक म्हणाला, "ने तू."
कानशीनं घासला, पॉलिश पेपरनं आरसा केला.
नखाएवढ्या चिपवर मोहरीएवढी पेस्ट,
चार स्क्रू, कोपऱ्याकोपऱ्यानं, थोडे थोडे आवळत.
पात्या उभ्या ठेवल्या.
आडव्या ठेवल्या की उष्णता बसून राहते,
उभ्या असल्या की आपली चालू लागते.
चुलीचा धूर कोण ढकलतं?
उत्तरेच्या भिंतीवर टांगला, मागं वीतभर पोकळी सोडून,
वर कवेलूत फट होतीच.
वेगही थोडा उतरवला. तिला घाई नव्हती.

दिवसा लाईन नसते, म्हणून रात्री दीडला बटण दाबलं.
तिचे बाबा खाटेवरून बघत होते.
काहीच झालं नाही.
गेलं, वाटलं. हात आपोआप टेस्टरकडे.
स्क्रीन उजळली होती.
पात्यांवर तळवा ठेवला,
सहापर्यंत मोजून उचलावा लागला, एवढंच.

मग ऐकू आला माझ्याच कानातला घूं,
सव्वीस वर्षांचा,
कुठल्याही स्विचला न जोडलेला.

सुगंतीनं बोट वर केलं. "हा."
मला काही नाही.
तिनं पुन्हा लावलं. काही नाही.
बाबांनी मान हलवली, म्हणजे त्यांना आलं.
तिसऱ्यांदा, घूंच्या पलीकडे,
फार लांब, कोणीतरी दोन अक्षरं बोललं
आणि गप्प झालं.
तिनं वहीत मिनिट लिहिलं.

घरी आलो तर माझाच कूलर, माझ्याच हातानं भरलेला,
आळी गाजवत होता. बंद केला.
बायको लगेच जागी.
"लाईन गेली काय?"
"नाही."
"मंग?"
थांब थोडं, म्हटलं.
ती थांबली. घाम फुटला, पदरानं मान पुसली,
शिवी ओठावर आलेली मला दिसली,
तरी थांबली.
मग हळूच म्हणाली,
"कोन बोलून राह्यलं तिकडं?"