पण

दुपारी दोनला मुदत संपणार, आणि एक वाजून दहा मिनिटांनी
डलूथच्या त्या खोलीत आम्ही सात जण
एका फोनभोवती बसलो होतो, शेकोटीभोवती बसावं तसे.
पलीकडच्या संघाने कॉर्डेल प्रूइट विकायला काढला होता.

सव्वीस वर्षांचा. सामन्यामागे एकतीस गुण.
डावा खांदा पुढे काढून तो रिंगकडे निघतो तेव्हा
अडवणारे दोघे बाजूला होतात,
दारात आलेल्या पाहुण्याला वाट द्यावी तसे.
हे मी अहवालात लिहिलं. अकरा सामने पाहिले त्याचे.
पण माझं काम चेंडूकडे बघायचं नव्हतं.

मी बघायचो, बाहेर बोलावल्यावर तो कुठे बसतो.
शेवटच्या खुर्चीत. मधल्या तीन रिकाम्या.
कोच फळ्यावर रेघा ओढत असतो तेव्हा
तो छताकडे बघतो,
जणू याहून बरा डाव तिथे लिहिलाय.
आणि खरं सांगू, दोनदा तो तसाच खेळला, छतावरचा डाव,
दोन्ही वेळा जिंकले ते.
हे मी लिहिलं नाही.

वॉल्ट म्हणाला, दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात हे खरं,
पण तीन कोच खाल्लेत या गाईने.
मार्गिटने चार वर्षांच्या पगाराचा आकडा वाचला
आणि चष्मा काढून ठेवला. सोन्याची सुरी, म्हणाली.
पुढचं कुणी बोललं नाही. पोट ज्याचं त्याला माहीत.

आमच्याकडून इंग्वर सोलबर्ग जाणार होता.
बारा गुणांचा माणूस, पाच वर्षं सगळ्यांच्या आधी येणारा.
त्याच्या बायकोने गेल्याच आठवड्यात
नव्या घराला पडदे लावले होते, पिवळे.

हुशार आहे, पण. तरुण आहे, पण.
कुणालाच पणाला काही लावायचं नव्हतं,
म्हणून सगळे पण म्हणत होते.

नवव्या सामन्यानंतर मी त्यांच्या धुण्याच्या खोलीत गेलो होतो.
तिथल्या ओडेसाबाईंना विचारलं, कसा आहे?
मोजे सुलटे करून टाकतो, म्हणाल्या. बाकी कुणी टाकत नाही.
बोलतो का?
नाही.
मग घड्या घालता घालता, वर न बघता:
एकदा ड्रायरला लाथ घातली होती. खड्डा आहे बघ अजून.
मी वाकून बघितला. बशीएवढा, गुळगुळीत.
त्यात ट्यूबचा उजेड साचला होता.

एक चाळीस.
खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसत होतं
आणि त्यावर कुणीतरी पिकअप उतरवत होता, मासे धरायला.
आधी भोक पाडतात, काठी घालून बर्फाची जाडी मोजतात,
चौदा इंच, पंधरा.
आणि तरीही काचा खाली करून, पट्टा न बांधता चालवतात,
उडी मारता यावी म्हणून.
माझे वडील असेच जायचे.
आई किनाऱ्यावर उभी, हात शालीत.

टोइवो, तू सांग, मार्गिट म्हणाली.
माझ्या वहीत मोजे होते, आणि खड्डा होता.
माझी निवृत्ती सोळा महिन्यांवर होती.
मी म्हणालो, पोरगा गुणी आहे.
मग तो शब्दही म्हणालो, दोन अक्षरी.

दोन वाजले. फोन ठेवला. कुणीतरी कॉफी आणायला गेलं.
खाली इंग्वर एकटाच नेम धरत होता.
आपण पन्नास मिनिटं अर्धे विकलेलो होतो
हे त्याला कुणी सांगितलं नाही.
त्याचा एक चेंडू रिंगला लागून माझ्या पायाशी आला.
मी तो परत दिला. थँक्यू, म्हणाला.

प्रूइट कुठेच गेला नाही. एकोणतीस संघ, एकच शब्द.
त्या रात्री त्याने चव्वेचाळीस गुण केले
आणि मुलाखत न देता निघून गेला.

मी घरी टीव्ही बंद केला,
मोजे काढले, सुलटे केले, टोपलीत टाकले.
लग्नाला चौतीस वर्षं झाली आहेत.
बायको दारात थांबून बघत राहिली.
आज काय झालं, म्हणाली.