बारावं पान

अकरा दिवस वहीत नीट लिहिलं:
दोन फुलके, दुधी, ताक.
बाराव्या रात्री सराफ्यात
त्यानं गराडूवर जीरावण भुरभुरलं
आणि वही कुठल्या कुठे.
मग भुट्ट्याचा कीस. मालपुआ.
आणखी एक.
कुणी बघत नाही म्हणून
अजून एक, उभ्या उभ्या.

घरी येऊन वजनकाटा
पायानंच पलंगाखाली सारला,
जणू तोच जेवून आला होता.

सकाळी कुमुदवहिनी फाटकाशी, बुटांत.
म्हटलं, नाही येत. काल सगळं वाया गेलं.
'गराडू कुरकुरीत होते?'
होते.
'मग वाया कुठे गेलं? चल,
नेहरू पार्कात ऊन चढेल.'

परत आल्यावर
कोरं सोडलेलं पान उघडलं.
गराडू. कीस. मालपुए दोन.

पेन ठेवलं.
उचललं.
दोन खोडून तीन केलं.