वाचून परत सांग

दारव्हा रोडवरच्या तेहतीस केव्ही उपकेंद्रात
रात्रपाळीला मी, एक ट्रान्सफॉर्मर, त्याचं गुणगुणणं,
आणि टेबलावर दोन वह्या.
एक लॉगबुक, सरकारी.
दुसरी माझी, वरून जाणाऱ्या विमानांची.

०१.१७. दिल्लीहून बंगलोरला. बारक्या पोटाचं.
०२.०५. सिंगापूरहून युरोपात. तीनशे माणसं
आमच्या तुरीवरून झोपेत चालली.
आधी दिवा दिसतो. आवाज अर्ध्या मिनिटानं मागून येतो,
आणि येतो तेव्हा विमान तिथं नसतंच.

निकेश मडावी, नवा पोरगा, विचारतो,
"सर, तुमी बसले कधी?"
नाही.
"मंग काहून लिहिता?"

काहून.
नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबर, वादळ होऊन गेलेलं.
फोनवर खरखर. रुपराव तायवाडे पोलाखाली.
तो म्हणाला, पिंपळखुटा बंद कर.
मी ऐकलं, पिंपळगाव.
बंद केलं. पिंपळगाव.

त्याचा उजवा हात कोपराच्या वरून गेला.
चौकशीचा कागद दीड पानाचा:
'मानवी चूक'. खाली शिक्का. तीन महिने मी घरी.
अर्थिंगचा रॉड दोन महिने मोडका का होता,
कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

त्या तीन महिन्यांत मी पडलेल्या विमानांचे अहवाल वाचले,
मोबाईलवर, डिक्शनरी मांडीवर घेऊन,
गोठ्यात बसून, कारण रेंज तिथंच यायची.
तिकडे 'चूक झाली' इथं अहवाल सुरू होतो.
वैमानिक किती तास जागा होता.
दोन बटणं एकसारखी, शेजारी-शेजारी का होती.
बाजूच्याला दिसत होतं, तो का बोलला नाही.
तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूसाठी समुद्र चाळतात.
आणि तो ब्लॅक बॉक्स काळा नसतोच,
आपल्या पिकल्या संत्र्याच्या रंगाचा असतो,
राखेत दिसावा म्हणून.

आणि हे:
दोन विमानांची नावं कानाला सारखी लागली
तर एकाचं नाव बदलतात.
खालून सांगितलेलं वैमानिक परत म्हणून दाखवतो,
शब्दाला शब्द, लाज न बाळगता.
एवढंच पाहिजे होतं आम्हाला त्या दिवशी.

रुजू झालो तसा रंगाचा डबा आणला,
पिंपळगावच्या पॅनेलवर लिहिलं, 'बाभूळ'.
साहेब हसले. मग चिडले. मग सवय झाली.
आता लाइनमन म्हणतो, बाभूळ बंद कर.
मी म्हणतो, बाभूळ बंद करतो.
तो म्हणतो, हो, बाभूळ.
निकेशला हे येड्याचं काम वाटतं.
वाटू दे. हात दोन आहेत त्याला.

मागच्या पौषात रुपराव पुण्याला गेला, लेकीकडे,
नागपूरहून, संध्याकाळी सहा चाळीसच्या विमानानं.
बसण्याआधी फोन: "पाह्यशील का बे?"
पाहीन.
यार्डात उभा राहिलो, मान वर.
नेरच्या बाजूनं दिवा आला, लुकलुकत, सरळ.
मी टॉर्च दाखवला.
कुठून दिसणार. तरी दाखवला.

रात्री त्याचा फोन:
"पंख हालते बे, फांदीवानी!"
हलायलाच पाहिजे, म्हटलं. ताठ राहिला तर मोडेल.
"पट्टा एका हातानं लागेच ना. पोरीनं लावून देल्ला.
अन् मंग मले एकट्याले समजावून सांगतलं,
दारं कुठं कुठं हायेत. पुढं दोन, मांगं दोन, पंखावर."
थांबला जरा.
"मी तिले परत म्हणून दाखोलं. तुह्यावानी."

फोनवर खरखर नव्हती.
तरी मी म्हटलं, काय म्हणालास?
त्यानं पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या वहीत त्या तारखेला नोंद आहे:
१९.०२. नागपूरहून पुण्याला. खिडकीशी रुपराव.
पोचल्याचा शेरा मी कधी मारत नाही,
पोचणं इथून दिसत नाही.
या एकाला मारला.