मार्जिन रिलीज

बेळगावच्या कोर्टाच्या कंपाऊंडात माझं टेबल.
तीन पाय धड, चौथ्याखाली वीट.
एकतीस वर्षं लोकांचं सुटलेलं टाइप करतोय:
उद्यमबागेतल्या फिटरचा राजीनामा,
मागे घेतलेली फिर्याद,
मुदतीआधी मोडलेल्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू,
वडगावच्या मागवाल्याचा अर्ज, माग विकला, मीटर काढून न्या.
माणूस कानडीत हाक मारतो, मराठीत रडतो,
आणि मी त्याच्याकडून इंग्रजीत सोडवून घेतो.

सोडायच्या इंग्रजीत क्यू फार.
क्विट. अक्विट. रेलिंक्विश.
क्यू डाव्या करंगळीचा, आणि माझ्या मशीनवर तो अडतो.
वर गेलेला दांडा खाली येत नाही,
नखानं ओढावा लागतो.
शहापूरच्या इन्स्टिट्यूटात सर ओरडायचे,
केदनूरकर, करंगळीत जीव आणा,
क्यू वर्षातून चारदा लागतो
पण लागतो तेव्हा माणूस समोर उभा असतो.

गुरुवारी यल्लूबाई उभी होती.
कडोलीची लेक, बेळवट्टीची सून.
शेजारी भाऊ भावकाण्णा, त्याचा मुलगा गाडी बंद न करता.
हक्कसोड. बावीस गुंठे भातजमीन.
वकिलांनी मसुद्यात नेहमीचंच लिहिलेलं:
रिलीज, रेलिंक्विश अँड सरेंडर.
मी वाचून दाखवलं. तिनं बोटं मोजली.
"जमीन एकच न्हवं? मग सोडायची तीनदा कशाला ओ?"

काय सांगणार. म्हटलं, आजी, कायद्याला एका शब्दाचा भरवसा नसतो.
एकातून निसटलात तर दुसऱ्यात सापडावं म्हणून.
"आमच्यात एकच हाय," ती म्हणाली.
"गाय सोडतो, गाठ सोडतो, पोराला स्टँडवर सोडून येतो.
उपास सोडतो.
पर उपास सोडताना ताट वाढून घेतो की.
हे सोडताना माझ्या म्होरं काय वाढलंय?"

भावकाण्णानं झाडाकडे बघितलं.
पोरानं गाडी बंद केली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
मला टाइप करायला काही नव्हतं.

मग तीच म्हणाली, बांधावरचं कवठ तेवढं राहू दे.
आईनं पुरलेली बी हाय ती.
कवठं भावजयीनं खावी, पोरांनी खावी, माकडांनी खावी,
कागदावर तेवढं माझं असू दे.

वकील चहाला गेले होते.
मसुद्यात कवठ नव्हतं.
ओळ संपत आलेली, कॅरेजची घंटा वाजली,
म्हणजे पुढं समास, पुढं लिहायचं नाही.
अशा वेळेसाठी मशीनला एक कळ असते, मार्जिन रिलीज.
दाबली की हद्द काही अक्षरांपुरती डोळा मिटते.
या भागात राहून ती कळ मी कमी वापरली असं म्हणणार नाही.
दाबली,
आणि समासाबाहेर, कागदाच्या पार काठाला लिहिलं: एक्सेप्ट.
ई-एक्स. एकेक कळ बघून.
ए आणि सी पडले असते तर त्याच शब्दाचा अर्थ
मान्य आहे, असा झाला असता.
खालच्या ओळीत वूड अ‍ॅपल ट्री.
त्यात एकही क्यू नाही. सरळ उतरलं.

वकील आले, चष्मा वर केला,
झाडासाठी कोण रजिस्ट्री अडवतं, म्हणाले,
आणि निळ्या पेनानं रेघ ओढली.
यल्लूबाईनं अंगठा दिला.
शाई पुसायला मी चिंधी पुढं केली,
तिनं पदरालाच पुसली.
भावाच्या गाडीवर बसली नाही. वडाप धरून गेली.

संध्याकाळी मशीन झाकताना
रोलरमागं कार्बनची प्रत राहिलेली दिसली.
तिच्यावर रेघ नव्हती.
रद्दीत टाकायची असते, नियम आहे.
मी घडी घातली
आणि टेबलाच्या त्या पायाखाली, विटेवर, सरकवली.
टेबल आता थोडं हलतं.
टाइप करताना कळतं.