परतावा

डंडीत, जुन्या तागगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
पेन्शन फंडाची बैठक.
मी पडद्यावर आलेख लावतो:
घानातला टोलरस्ता, साडेनऊ टक्के.

मोराग गेडीजबाई, शाळेत जेवण वाढता वाढता निवृत्त झालेल्या,
चष्मा पुसत विचारतात,
"पायी जाणाऱ्यालाही पडतो का हो टोल?"

माझ्या तक्त्यात पायी चालणारं कुणी नाही.
ट्रक आहेत, दिवसाला चार हजार.

खिडकीखाली टे नदी ओहोटीला लागलेली.
इथंच उतरायचा बंगालचा ताग,
पोती होऊन जगभर जायचा;
नफा मात्र इथल्याच टेकडीवर
बंगले बांधून राहिला.

"नाही," मी म्हणतो. "पायी फुकट."
खात्री नसते.

बाई ठरावाच्या बाजूने हात वर करतात,
मग बिस्किटांची बशी
माझ्याकडे सरकवतात.