समन-समन

सेकोंडीच्या वरच्या आळीत
वडिलांच्या सायकलची साखळी करकरली की
पोरं ओरडत सुटायची, टांकासे! टांकासे आला!
आणि मागच्या दारांनी पाणी ओतल्याचे आवाज.
पहाटे चारला नळावर नंबर लावून
डोक्यावरून वाहून आणलेलं पाणी.

खाकी अर्धी चड्डी, कडक इस्त्रीची. खिशात टॉर्च.
हातात एनॅमलची पळी,
पांढरी अशासाठी की अळीला लपता येऊ नये.
रांजणाचं झाकण काढत, पळी बुडवत,
उन्हाकडे धरत.
बोलत नसत. बोलायची ती पावती:
उघडा रांजण, दोन सेडी.
गटारात मक्याची सालं, तीन.
पुन्हा सापडल्यास दुप्पट,
न भरल्यास कोर्टाचं समन्स,
जे आमच्या गावाच्या तोंडी समन-समन झालं
आणि आया तेच नाव घेऊन मुलांना झोपवू लागल्या.

केंकी विकणाऱ्या आराबा एसुमानच्या नावावर
अकरा पावत्या.
"का रे कोबिना, डास काय माझाच जावई?"
ती चौकात विचारायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
ते कार्बन सरळ करत.

आईलाही एकदा फाडली.
तिने दंड भरला, त्यांच्याच पगारातून,
आणि तीन दिवस कालवणात मीठ घातलं नाही.

ते गेले तेव्हा रांजण अर्धा होता.
शेवटचा त्यांनी भरलेला.
आईने त्याला हात लावला नाही, लावू दिला नाही.
आम्ही शेजारून घागरी आणत राहिलो.

चाळिसाव्या दिवशी बायका आल्या,
काळ्या-तांबड्या कापडांत, दंड भरलेल्या सगळ्या.
आराबाचे गुडघे गेलेले. तिने पाणी मागितलं,
आणि कुणी उठायच्या आत स्वतःच झाकण काढलं.
वाकून पाहत राहिली.
आत काय वळवळतंय, घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"समन-समन," ती म्हणाली, अगदी हळू.

आई हसली. तोंडाला पदर लावून,
खांदे हलेपर्यंत.
मग दोघींनी मिळून रांजण कलंडवला.
पाणी अंगण ओलांडून गटाराला लागलं,
गटार साफ होतं, थांबलं नाही कुठे.

आराबाने कमरेची गाठ सोडली.
दोन सेडी मोजले, पुन्हा मोजले.
"पावती कोण फाडणार?"

पुस्तक फळीवरच होतं.
सात पावत्या कोऱ्या होत्या.
मला पेन सापडेना.