सातवी

तिथी संपल्या. सुपारीचा शेवटचा फोन
ज्येष्ठातच वाजून गेला.
आता तुळशीच्या लग्नापर्यंत बँड मोकळा.
सेलूच्या बंद जिनिंगमध्ये मग आम्ही जमतो,
सरकीच्या जुन्या वासात, मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांवर,
आणि ऑस्ट्रियातल्या कुण्या शाळामास्तराच्या पोराच्या
नऊच्या नऊ सिंफन्या रेकॉर्ड करतो.
वर्षाला एक. सहा झाल्या.

व्हायोलिनवाल्या पोरी जालन्याच्या मिशन कंपाऊंडातल्या,
क्लॅरनेट शब्बीर उस्तादांचं, मोठा भोंगा गफूरचा,
ट्रंपेटवाले तिघे भाऊ मानवतचे, आपसांत न बोलणारे.
समोर एस्तेरबाई, हातात स्वेटर विणायची सुई.

मी झांजवाला. लिंबाजी घोडके. सातवी नापास.
सहा वर्षं सतरंज्या उचलल्या, डिझेल आणलं,
कबुतरं हाकलली.
यंदा सातवी आली.
गल्लीत पसरलं, "लिंब्या पुन्हा सातवीला बसायलाय."

सातवीत मला एक ठोका आहे.
एक.
तासाभराच्या त्या डोंगरात एक.
दुसऱ्या भागात एकशे शहात्तर घरं गप बसायचं
आणि एकशे सत्त्याहत्तराव्याला उभं राहून मारायचा.
वरातीत मी एका रात्रीत हजारांनी मारतो, मोजतो कोण?
मारायचं नि छातीवर दाबायचं, मारायचं नि दाबायचं.
माझ्या लाल कोटावर पितळेचे दोन काळे चंद्र उठलेत,
कुठल्याच साबणानं न जाणारे.

एस्तेरबाई म्हणाल्या, "लिंबाजी, एक भानगड आहे.
मूळ कागदावर हा ठोका मागून चिकटवलाय, वेगळ्या चिठ्ठीवर.
आणि चिठ्ठीवर कुणीतरी लिहिलंय, हे धरू नये.
कुणी लिहिलं, कुणालाच नक्की माहीत नाही."
"मंग वाजवायचा का नाई?"
बाईंनी सुई केसांत खोचली. "तुम्ही मोजत राहा."

पहिल्या वेळी एकशे साठाव्या घरात मनमाडची पॅसेंजर आली.
दुसऱ्या वेळी जनरेटर खोकला.
तिसऱ्या वेळी काहीच आलं नाही, मीच गेलो.
पोरींनी मध्येच असं काही धरलं
की मला पाथरीच्या रस्त्यावरचा बाप दिसला,
अंगात ताप, हातात याच झांजा,
"वाजायला काय, पितळ हाय, वाजतंयच.
गप करायला माणूस लागतो."
आकडा सांडला.
त्या घरावरून सगळे पुढे निघून गेले
आणि मी बसलेलाच.

हरबाजीकाका रेडिओतून रिटायर.
कानांवरचं काढून एवढंच म्हणाले,
"लेकरा, मोजताना मागं बघायचं नसतं."

चौथ्या वेळी रात्र होती.
पत्रे दिवसभराचं ऊन सोडत तडतडत होते, तेही थांबले.
एकशे चाळीस. उस्तादांनी डोळे मिटले.
एकशे साठ. रूळ रिकामे.
एकशे सत्तर. तिघे भाऊ
एकमेकांकडे बघून श्वास घेत होते.
शहात्तर.

छातीवर दाबलं नाही.
हात वर, पितळ उघडं,
जाऊ दिलं जाईल तिथवर.
आढ्याला वर्षानुवर्षं लोंबलेला कापसाचा एक पुंजका
सुटला, हळूहळू खाली आला,
आणि बाकीचा सगळा भाग
मी बाहीवर तो घेऊन उभा.

काकांनी दोन्ही ठेवल्यात.
चौथी ठोक्यासकट, आणि माझी चुकलेली तिसरी, बिनठोक्याची.
कोणती धरायची, एस्तेरबाईंचं अजून ठरत नाही.

काल वालूरला वरात.
नवरदेव घोड्यावर, पोरं घामानं निथळलेली,
गफूर गाल फुगवून लाल,
आणि मी झांजा छातीशी धरून उभा.
नवरदेवाचा मामा खेकसला,
"ए झांजवाल्या, झोपलास का?"

"नाई," म्हणालो.
"एकशे बारा."